उलटा छापलेला हात

(पिंपरीत तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिलाय 'चित्रकाराची प्रेरणा'. हा शब्द ऐकला की मला हसू येतं. प्रेरणा म्हटलं की पांढरपेशांच्या डोळ्यांपुढं एक खिडकी येते, खिडकीबाहेर पाऊस, आत झब्बा घातलेला चित्रकार, आणि वरून काहीतरी उतरतंय. देवी प्रसन्न वगैरे. आमच्या पत्र्याच्या खोलीत वरून उतरायचं ते पाणी, आणि त्याखाली आई पातेलं ठेवायची. तेव्हा प्रेरणा राहू द्या. मी चित्र कसं काढतो, कुणाकडून शिकलो आणि कुठं माती खाल्ली, एवढं सांगतो. माती खाल्लेलं जास्त सांगणार, कारण तुमच्यातले तिघं-चौघं पुढच्या अंकासाठी चित्रं काढणार आहेत असं कळलंय.

मी कुठल्या कलाशाळेत गेलो नाही. आयटीआयला ड्राफ्ट्समन झालो आणि भोसरीच्या एका वर्कशॉपात ड्रॉइंग टेबलावर बसलो. तिथली रेघ म्हणजे जबाबदारी. माप चुकलं की खाली मशीनवरचा माणूस आईबहिणीवरून बोलतो आणि जॉब भंगारात जातो. 'मला तसं भासलं' म्हणायची सोय नाही. संध्याकाळी एका पेंटरच्या हाताखाली बोर्ड रंगवायचो, 'येथे पंक्चर काढून मिळेल' पासून १४ एप्रिलच्या कमानीपर्यंत. मग फ्लेक्स आला आणि पेंटर लोक बसले ते बसलेच. माझा उस्ताद शेवटी टेम्पोंच्या मागं नंबर रंगवायचा.

पण बघायला शिकवलं ते आजीनं. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. आजी त्या गर्दीत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण ती तो दिवस सांगायची तेव्हा भाषणातलं एक वाक्य सांगायची नाही. ती सांगायची, बायका कुठल्या बाजूला बसल्या होत्या, कुणाच्या कडेवर पोर होतं, थंडी किती होती, आणि एका म्हाताऱ्यानं चपला काढून हातात धरल्या त्या शेवटपर्यंत खाली ठेवल्या नाहीत. 'का गं?' विचारलं तर म्हणायची, 'नव्या व्हत्या रं त्या.' त्या सबंध सोहळ्याचं चित्र काढायचं झालं तर मी आजही त्या चपलांपासून सुरुवात करीन. पुतळा सगळ्यांनाच काढता येतो.

दुसरी शाळा याच रस्त्यावर पुढं आहे. कार्ल्याची लेणी. आपली पोरं तिथं जातात, फोटो काढतात, खाली येऊन भजी खातात. चैत्याच्या दाराशी एक लेख आहे. त्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, दाराचं काम त्याचं. दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर सुताराचं नाव! नंतर ज्यांनी या देशात कलेचा ताबा घेतला त्यांनी असल्या हातांची नावं पुसली, हातांना शिवू दिलं नाही, आणि वर सौंदर्यशास्त्राचे ग्रंथ लिहिले. तुम्ही चित्र काढलं तर खाली नाव घाला. लाजू नका.

१९७२ ला दलित पँथर निघाली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, हे तुम्हांला पाठ आहे. नामदेव ढसाळांचं पूर हे गाव आपल्या चाकणच्या पलीकडंच, खेड तालुक्यात, हेही माहीत असेल. पण ब्लॅक पँथरांचा चित्रकार कोण, असं विचारलं की सभा गप्प. एमरी डग्लस. १९६७ पासून त्यांच्या वर्तमानपत्राची मांडणी आणि चित्रं त्यानं केली. हा माणूस पोरवयात सुधारगृहात होता, तिथल्या छापखान्यात कामाला लागला, तिथून हा धंदा शिकला. त्याची जाड काळी रेघ बघा, लाकडात कोरल्यासारखी. पैसे नसायचे, म्हणून काळ्याबरोबर आणखी एखादाच रंग. गरिबीनं दिलेली अडचण त्यानं शैली करून टाकली. चित्रात कोण? भाडेकरू बाया, पोरं, म्हातारे. ज्यांच्यासाठी पेपर निघतो तेच पेपरात.

मी त्याच्याकडून जाडी उचलली. आपला अंक झेरॉक्सवर निघतो. झेरॉक्सला राखाडी कळत नाही. पेन्सिलीची नाजूक छटा म्हणजे मशीनच्या दृष्टीनं घाण. म्हणून मी लिनो कापतो. फ्लोअरिंगच्या दुकानातले उरलेले तुकडे, छत्रीची काडी घासून केलेलं हत्यार, शाई लावायची आणि कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं. एवढाच माझा स्टुडिओ. आता यात एक गोम आहे. लिनोवर जे डावीकडं कोराल ते छापल्यावर उजवीकडं येतं. हे मला माहीत होतं. तरीही चार वर्षांपूर्वी मी फसलो, तेच आज सांगायला उभा आहे.

चाकणकडच्या एका छोट्या शॉपमध्ये आपल्या वस्तीतल्या पोराची बोटं प्रेसमध्ये गेली. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन. ठेकेदाराचा माणूस, हेल्पर म्हणून घेतलेला आणि प्रेसवर बसवलेला. तुमच्यातले निम्मे प्रेसशॉपला आहेत, मी काय सांगू. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये अशी सोय असते, पुढं गार्ड असतं. उत्पादन वाढवायचं म्हणून एक बटण बांधून ठेवतात, गार्ड काढून ठेवतात. मग एक हात मोकळा, तो पत्रा सरकवतो. बाकीचं होतंच.

संपादक म्हणाले, मुखपृष्ठ कर. मी एका रात्रीत कल्पना काढली. मागं बाबासाहेबांचा पुतळा, आपल्या प्रत्येक वस्तीत असतो तसा, उजवा हात वर, बोट पुढं. पुतळ्याखाली हा पोरगा, त्यानंही हात वर केलाय आणि त्याला तेच बोट नाही. मी स्वतःवरच खूश. पोराला जाऊन भेटलो? नाही. फोटो पाहिला, झालं. पहाटेपर्यंत लिनो कापला. खालची अक्षरं आठवणीनं उलटी कोरली, पेंटरकीची सवय. हातांचं ध्यानात राहिलं नाही.

अंक छापून वाटूनही झाला. दुसऱ्या दिवशी फोन सुरू. 'बाबासाहेबांचा डावा हात वर दाखवलाय, शुद्धीवर होता का?' एकजण घरी आला, तावातावानं बोलला. मी चूक कबूल केली, माफी मागितली. खरोखरच चूक होती. आठवडाभर हेच. मग तो पोरगा भेटला. अंक त्याच्या पिशवीत होता. त्यानं माझ्यापुढं डावा हात धरला, पाचही बोटं हलवून दाखवली आणि म्हणाला, 'काका, हा चांगला हाय की. ह्याच्यावरच तर चाललंय सगळं.'

मित्रांनो, इतक्या लोकांनी ते चित्र पाहिलं. पुतळ्याचा हात चुकलेला सगळ्यांना दिसला. पोराचा हात चुकलेला एकालाही दिसला नाही. मलाही नाही. आमची पुतळ्यावरची नजर एवढी पक्की झालीय की त्याच्या खाली उभा असलेला माणूस आम्हांला नुसतं प्रतीक वाटतो. हे मी कुणाला टोमणा म्हणून बोलत नाही, गुन्हेगार मी आहे. पण सवर्ण कादंबरीकारानं आपल्याला असंच वापरलं तर आपण त्याला सोलून काढतो की नाही?

पुन्हा काढायचं ठरलं. या वेळी त्याच्या खोलीवर गेलो. वही आणि बॉलपेन, बाकी काही नाही. दोन तास बसलो. चहाचा ग्लास तो कसा धरतो, डाव्या हातानं नाव लिहायचा सराव करतो ती वही, सगळं टिपलं. चित्तप्रसाद १९४३ ला बंगालच्या दुष्काळात मेदिनीपूर पायी फिरला, चित्रांबरोबर माणसांच्या हकिकती लिहिल्या. ते पुस्तक इंग्रजांनी जप्त करून जाळलं. त्याचंच काहीतरी आपण करतोय असं मला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात पोरगा म्हणाला, 'माझा हात नका काढू.'

मी म्हटलं, बरं, तोंड काढतो.

'तोंड पण नको. उद्या दुसरीकडं काम मागायला जायचंय. मशीन काढा. गार्ड कुठं ठेवलं होतं ते दाखवा.'

आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. आजीसारखंच. गार्ड भंगाराच्या पिंपामागं उभं करून ठेवलेलं. बटणाला बांधलेली चिंधी कुठल्या रंगाची. उजेड कुठून यायचा. शिफ्टचा आकडा फळ्यावर कुठं लिहायचे. मी विचारत गेलो, तो डाव्या हातानं वहीत आडव्यातिडव्या रेघा मारून दुरुस्त करत गेला. हात कुठं जायचा, स्लाइड कुठवर उतरायची, मधे अंतर किती.

ते चित्र मी टेबलावर बसून, पट्टी लावून काढलं. ड्राफ्ट्समन काढतो तसं, कापून आतलं दाखवणारं, बाण आणि मापांसकट. माणूस नाही, रक्त नाही. कवी मित्र म्हणाले, हे चित्र कुठंय, हे तर ड्रॉइंग आहे, यात विद्रोह कुठाय? मला 'भीमायन' आठवलं. २०११ साली दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांची गोष्ट चितारली, तेव्हा त्यांनी कॉमिक्सचे चौकोन नाकारले. माणसांना डब्यात कोंबायचं नाही म्हणाले. डंख मारणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी लावली. ती त्यांच्या भिंतीवरून, अंगणातून आलेली रेघ. माझी रेघ कुठून आली? भोसरीच्या ड्रॉइंग टेबलावरून. मग ती मी का लपवू?

ते चित्र अंकात आतल्या पानावर आलं. त्या पानाच्या झेरॉक्स नंतर मला दोन शॉपच्या बाहेर, चहाच्या टपरीला चिकटवलेल्या दिसल्या. कुणी चिकटवल्या विचारलं नाही. एका प्रतीवर कुणीतरी पेनानं माझं माप खोडून दुसरं लिहिलं होतं. त्याचंच बरोबर होतं.

त्या पोराला वॉचमनची नोकरी लागली, बारा तासांची. मुखपृष्ठाचा तो चुकलेला लिनो अजून माझ्याकडं आहे, इथं आणलाय. हातात घेऊन बघा, पुढं पाठवा. पुढच्या अंकाला ज्यांना चित्र काढायचंय त्यांनी रविवारी सकाळी वही घेऊन या, आरसाही आणा. कापायच्या आधी प्रत्येक हात आरशात बघायचा.

जय भीम.