अल्पाक्षर आणि असंदिग्ध



लेखणी हाती घेतली म्हणजे शब्दांचा मोह अनावर होतो. विषय थोर, तेव्हा शब्दही पुष्कळ हवेत, असे मनुष्यास वाटते. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या चरणांशी उभे राहिल्यास हा समज टिकत नाही. मूर्ती सुमारे 57 फूट उंच. ती चावुंडराजाने करविली, हे सांगण्यास मराठीत श्रीयुक्त नाव आणि क्रियापद, असे दोनच शब्द पुरले. काय करविले, ते लिहिलेच नाही. कारण मूर्ती समोर उभी आहे. पुढे गंगराजाने भोवतीचे आवार बांधविले. तेथे मात्र आवाराचा उल्लेख आवश्यक होता, म्हणून त्या ओळीत एक शब्द वाढला. शेजारच्या कन्नड ओळींतही हाच संयम आहे. बोरगाव-निपाणीच्या ज्या प्रदेशात या दोन्ही भाषा नित्य कानी पडतात, तेथे हा धडा आपल्या घरचाच म्हणावयाचा.

परंतु या ओळींत शक कोरलेला नाही. मूर्ती दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, आवार बाराव्या शतकाच्या आरंभीचे; मग पहिली मराठी ओळ यांपैकी कोणत्या काळी कोरली गेली, याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. एक आवश्यक शब्द राहिला की पिढ्यान्‌पिढ्या वाद उरतो, तो असा.

म्हणूनच शास्त्रकारांनी सूत्राचे लक्षण सांगताना अल्पाक्षरतेला असंदिग्धतेची जोड दिली. पाणिनीने सुमारे 4,000 सूत्रांत व्याकरण बांधले. एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत अनुवृत्तीने येत असल्याने ते पुन्हा उच्चारावे लागत नाही. मात्र जेथे अनुवृत्ती पोहोचत नाही, तेथे नवे पद योजण्यास तो कचरत नाही. काटकसर आहे, कृपणता नाही.

दानपत्र लिहिताना हा विवेक विशेष हवा. दात्याच्या नावामागे दहा विशेषणे घातली आणि जमिनीची चतुःसीमा लिहावयाची राहिली, तर विशेषणे कोणी वाचीत नाही. वारसांचा कलह मात्र उभा राहतो.

तात्पर्य, लिहून झाल्यावर प्रत्येक शब्दावर बोट ठेवावे. तो काढूनही अर्थ तसाच राहत असेल, तर काढावा. काढताच शंका उत्पन्न होत असेल, तर तो राखावा. वाचकाचा वेळ हेही एक दानच आहे. ते घेणाऱ्याने जपून वापरावे.