मोहर्लीच्या खोलीत सागवान टाकायचं, पण कधी?

हेडफोन लावून ऐकत असाल तर ठीक, वाचत असाल तरी ठीक. आजचा विषय माझ्या मावसभावामुळे निघाला. त्याचं घर मोहर्लीला, ताडोब्याच्या गेटजवळ. घराच्या वर तीन खोल्या काढून त्यानं होमस्टे सुरू केलाय. बँकेचं कर्ज डोक्यावर आहे आणि पाहुणे मोबाईलवर फोटो बघूनच खोली ठरवतात. जून महिन्यात त्याचा फोन आला. "ताई, खोल्यांमध्ये खाली लाकूड टाकतो. जंगलातल्या घरात जंगलाचा फील आला पाहिजे. सगळ्यात कडक लाकूड कोणतं ते सांग फक्त."

मी म्हटलं, थांब जरा. कडक आणि टिकाऊ हे दोन वेगळे शब्द आहेत.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत धावडा आहे. इतका चिवट की बैलगाडीचा आक आणि कुऱ्हाडीचा दांडा त्याचाच करायचे. पण फळी काढून वाळवायला ठेवा, वाकडीतिकडी होते. ऐन जड आहे, मजबूत आहे, पण वाळताना त्याला भेगा पडतात. बिजा चांगला टिकतो, मात्र ओल लागली की रंग सोडतो. पांढऱ्या चादरीवर पिवळा डाग पडला की पाहुणा रिव्ह्यू काय लिहील, सांगा. आणि सागवान? कडकपणात तो या सगळ्यांच्या मागे आहे. अमेरिकेत घरोघरी जमिनीला वापरतात त्या ओकपेक्षाही थोडा मऊच. खुर्ची ओढली तर ओरखडा पडेल. पण सागवान हलत नाही, म्हणजे ओल आणि ऊन यांच्यामुळे फुगणं-आकसणं त्यात कमी. शिवाय गाभ्यात तेल असतं, त्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. जमिनीसाठी हेच दोन गुण महत्त्वाचे.

२०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हा चंद्रपुरात शोभायात्रा निघाली होती, आठवतंय ना? आलापल्लीच्या जंगलातला साग तर जुन्या काळापासून नावाजलेला. ओंडके ओढायला हत्ती लागायचे. कमलापूरचा हत्तीकॅम्प बघायला आता लोक जातात, पण ते हत्ती मूळचे त्याच कामाचे.

आता गंमत बघा. "सागवान आहे" एवढं म्हणून काही होत नाही. ओंडका कापला की मधे सोनेरी-तपकिरी गाभा दिसतो आणि बाहेर फिकट पांढरा पट्टा. तो पांढरा भाग वाळवीचं जेवण आहे. कमी वयाच्या झाडात गाभा थोडा आणि पांढरं जास्त. माझ्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये एका कंत्राटदारानं असलंच लाकूड गडद पॉलिश मारून टाकलं होतं. पहिल्या पावसाळ्यात फळ्यांच्या कडा वर आल्या, पुढच्या वर्षी कपाटाखाली मातीच्या नळ्या दिसल्या. म्हणून पॉलिशच्या आधी फळी बघा, दोन्ही बाजूंनी. फळीच्या टोकाकडून पाहिलं तर वर्षांच्या रेषा दिसतात. त्या फळीच्या रुंद बाजूला साधारण काटकोनात उभ्या असतील तर ती फळी जास्त शांत राहते, आडव्या असतील तर जवळपास दुप्पट हलते.

किती हलते? हिशेब सांगते. आडव्या रेषांची सागाची फळी, रुंदी १०० मिलिमीटर. तिच्यातली ओल ६ टक्क्यांनी बदलली तर रुंदी साधारण १ मिलिमीटरनं बदलते. वाटतं, एवढंसंच तर आहे! पण बारा फुटांच्या खोलीत अशा ३६ फळ्या शेजारी शेजारी बसतात. म्हणजे ३६ मिलिमीटर. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४६-४७ वर, हवा पापडासारखी कोरडी. जुलैमध्ये इरई धरणाकडून येणारा वारासुद्धा ओला.

इथं भावाची खरी अडचण सुरू झाली. ताडोब्याचा कोअर भाग पावसाळ्यात बंद असतो. जुलै ते सप्टेंबर पाहुणे नाहीत, म्हणून मोहर्लीत घराची सगळी डागडुजी याच काळात. त्यानंही तेच ठरवलं होतं. पण पावसाळ्यात ओल प्यायलेलं लाकूड बसवलं तर मेमध्ये फटी पडणार, नाणं आत जाईल इतक्या. बरं, मेमध्ये घट्ट बसवलं तर? ते त्याहून वाईट. पहिल्या पावसात फुगून जमीन मधूनच उचलते, दार उघडत नाही. बसवायचा योग्य काळ दिवाळीनंतरचा, हवा ना ओली ना कोरडी. आणि तोच त्याचा कमाईचा हंगाम! तीन खोल्या बंद ठेवल्या तर हप्ता कुठून भरणार?

दुसरी गोष्ट त्याच्या लक्षातच आली नव्हती. कूलर. आपल्या विदर्भात उन्हाळा म्हणजे खिडकीत कूलर. बाहेर कोरडं ठणठणीत आणि खोलीत ओला वारा. कूलरसमोरच्या फळ्या फुगतात, पलंगाखालच्या आकसतात. टाकीतून ठिबकणारं पाणी वेगळंच. लाकडी जमिनीचे व्हिडिओ बनवणारे बहुतेक एसीच्या खोलीतून बोलतात, त्यांना हे कळायचं कारण नाही. आणि आपली पुसायची सवय! बादलीभर पाणी, फिनाईल, सपासप पोछा. लाकडाला घट्ट पिळलेलं फडकं पुरे.

मग एक रात्र अशी आली की कोणीतरी त्याला स्वस्तात सागवान देऊ केलं. "कागदाचं बघू नंतर." भावानं मला विचारलं, काहून नको म्हणते? अरे बाबा, तू व्याघ्र प्रकल्पाच्या दारात बसलाय. सागवानाच्या वाहतुकीला वन विभागाचा परवाना लागतो, ज्याला सगळे टीपी म्हणतात. तुझे पाहुणे जंगल बघायला येणार आणि तू त्यांच्या पायाखाली चोरीचं झाड टाकणार? पकडलं गेलं तर लाकूड जातं, केस होते. त्यानं नाही म्हटलं. मला वाटतं मावशीनंच दटावलं असावं, पण श्रेय मी घेतलं.

शेवटी लाकूड आलं चंद्रपुरातल्या एका पाडलेल्या जुन्या घराचं. तुळया आणि कड्या, सगळं सागवान, कित्येक वर्षं वाळलेलं. पावती घेतली, वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून मगच गाडी भरली. सुतारकाकांनी आधी एकेक खिळा उपटला, कारण एक राहिला तरी करवतीचं पान जातं. सागात वाळूसारखा अंश असतो, पाती तशीही लवकर बोथट होतात. फळ्या कापून ऑगस्टमध्येच वरच्या खोलीत आणल्या, मधे पट्ट्या ठेवून रचल्या, पंखा लावला. काकांकडं ओल मोजायचं यंत्र होतं. १२ टक्क्यांच्या खाली आकडा येईपर्यंत त्यांनी एक फळी बसवू दिली नाही. काँक्रीटचं पण बघितलं: दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून एक दिवस ठेवला, खाली थेंब जमले नाहीत तेव्हा पुढं गेले. भिंतीलगत सगळीकडं १२ मिलिमीटर फट सोडली, वरून पट्टी मारून झाकली.

आणि हो, तीन नाही, एकच खोली केली. नोव्हेंबरमध्ये, बाकी दोन चालू ठेवून. तळमजल्यावर तर शहाबादी फरशीच राहिली, तिथं पावसात ओल वर चढते आणि चिखलाचे बूट घेऊन सगळे आत येतात.

तुमच्यापैकी कोणी विचारेल, लॅमिनेट का नको? लॅमिनेट म्हणजे लाकडाचा फोटो, वर पारदर्शक थर. स्वस्त आहे, भाड्याच्या घरात चालेल. पण झिजलं की फेकायचं. प्लायवर ३-४ मिलिमीटर खरं सागवान चिकटवलेली फळी मिळते, ती कमी हलते, एकदा-दोनदा घासताही येते. बजेट मधलं असेल तर मी तीच घेईन. भावाची १८ मिलिमीटरची फळी मात्र अनेकदा घासून नवी करता येईल. त्याच्या पोरीच्या लग्नापर्यंत, असं काका म्हणाले. पोरगी आत्ता तिसरीत आहे.

मेमध्ये मी जाऊन आले. तीन-चार ठिकाणी नख जाईल एवढी फट, बाकी ठीक. कूलर त्यानं खिडकीतून काढून बाहेर गॅलरीत स्टँडवर नेलाय, खाली ट्रे ठेवलाय. तरी खिडकीजवळच्या दोन फळ्या किंचित वर आल्यात. काका म्हणाले, पाऊस जाऊ दे, मग बघू.