नवी चेन आठवड्यात ढिली का पडते?

मी शीळफाट्याहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक. आजचा विषय मशीनचा आहे, पण तो शेवटी आपल्या गटाच्या खात्यावरच येऊन थांबतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. रस्त्यात आडवं पडलेलं झाड हलवायला चेनसॉ, म्हणजे झाड कापायचं मशीन, किती कामाचं आहे ते तेव्हा सगळ्यांनीच पाहिलं. आपल्याकडे काही गट असं मशीन घेऊन भाड्याने देतात. त्यांची एक तक्रार मी नेहमी ऐकते: "ताई, नवी चेन घातली, आठ दिवसांत ढिली. दुकानदाराने हलका माल दिला."

माल हलका असू शकतो. पण दर वेळी तसंच होत असेल, तर आधी कव्हर उघडून आतलं छोटं दातेरी चाक बघा. त्याला स्पॉकेट म्हणतात. इंजिनाची ताकद क्लचमधून या चाकात येते आणि हे चाक चेन ओढतं. घरातल्या मोटरसायकलचं आठवा. तिथे चेन आणि स्पॉकेट सेटनेच बदलतात. का? तर ताणलेली चेन दाते खाते आणि झिजलेले दाते नवी चेन खातात. इथेही तोच हिशोब आहे.

मग बदलायचं कधी? साधा नियम असा: दोन चेन संपल्या की तिसरीबरोबर नवं स्पॉकेट. त्याआधीही खात्री करता येते. मशीन बंद करा, थंड होऊ द्या, प्लगची टोपी काढा, हातमोजे घाला आणि मगच कव्हर उघडा. चेन जिथे बसते तिथे दात्यांवर खाचा पडलेल्या दिसतील. खाच अर्ध्या मिलीमीटरपेक्षा खोल असेल तर चाक बदलायचं. अर्धा मिलीमीटर कसा ओळखायचा? मुलांच्या पेन-पेन्सिलीत 0.5 ची बारीक शिस असते. ती खाचेत आडवी धरा. पूर्ण बुडाली तर समजा, चाकाचं आयुष्य संपलं. चेन झटके देत फिरत असेल, पुन्हा पुन्हा ताणावी लागत असेल, तर तीही खूणच.

हे पुढे ढकलू नका. पूर्ण वेगात चेन सेकंदाला साधारण 20 मीटर धावते. ती तुटली किंवा निसटली, तर समोर कोणाचा तरी हात असतो, पाय असतो. मशीन आपलं आहे, पण चालवणारा माणूस कोणाच्या तरी घरचा आहे.

आता खरेदीचं. स्पॉकेट दोन तऱ्हेचं असतं. एकात दाते क्लचच्या डब्यालाच जोडलेले असतात, म्हणजे डब्यासकट बदलावं लागतं. दुसऱ्यात डब्यावर सुटी रिंग बसते, तिथे नुसती रिंग बदलून भागतं. आपल्या मशीनला रिंग असेल आणि कोणी "पूर्ण क्लच सेटच घ्यावा लागेल" म्हणालं, तर का, ते विचारा. डबा तडकला नसेल, आतली बेअरिंग मोकळी फिरत असेल, तर रिंगवर काम होतं.

दुकानात नुसतं "58 सीसीचं द्या" म्हणू नका. जुनं स्पॉकेट सोबत न्या. दाते मोजा, बहुधा सात असतात. चेनची पिचही सांगा. ती बारपट्टीवर कोरलेली असते: 0.325 किंवा 3/8. पुसली असेल तर चेनवरच्या सलग तीन रिव्हेटमधल्या पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि निम्मं करा. सव्वाआठ मिलीमीटर आलं तर 0.325, सव्वानऊ ते साडेनऊ आलं तर 3/8. पिच जुळली नाही तर स्वस्तातलं स्पॉकेट चांगली चेन वाया घालवतं.

मुंबईत मशिनरीच्या सामानाचा बाजार म्हणजे नागदेवी स्ट्रीट. दिव्याहून किंवा मुंब्र्याहून लोकलने मशीद स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं. एका भागासाठी भाडं आणि दिवस घालवू नका. दोन-तीन गटांनी मिळून यादी करा, तीन दुकानांत भाव विचारा आणि बिल गटाच्या नावाने घ्या. सोबत कोणी पुरुष असेल तर दुकानदार त्याच्याशीच बोलायला लागतो. तेव्हा भाग आपल्या हातात ठेवा आणि प्रश्न आपणच विचारा.

बसवताना एक लक्षात ठेवा. बऱ्याच मशीनमध्ये क्लचचे आटे उलटे असतात. छिन्नी-हातोडीने ठोकणाऱ्याच्या हाती मशीन देऊ नका.

शेवटी वहीचं. मशीनच्या रजिस्टरमध्ये नव्या स्पॉकेटची तारीख आणि त्यावर चाललेल्या चेनचा आकडा लिहा. दोन चेन एका स्पॉकेटवर आलटून-पालटून वापरल्या तर तिन्ही सारखे झिजतात. भाड्यातून दर दिवशी थोडी रक्कम 'झीज' म्हणून बाजूला काढा. नाहीतर ऐन पावसाळ्याच्या तोंडावर मशीन बंद पडतं, भाडं थांबतं आणि कर्जाचा हप्ता बायकांच्या बचतीतून जातो.

आणि हो, शहर हद्दीत झाड तोडायचं तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मशीन भाड्याने देण्याआधी तो कागद मागा.

या आठवड्याच्या बैठकीत मशीन मधोमध ठेवा, कव्हर उघडा आणि प्रत्येकीला ते चाक बघू द्या.