उदराची घडी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



भाषणासाठी 'पोट' हा विषय मी सुचविला तेव्हा समितीतील काही जण हसले. त्यांचे चुकले नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, चाळीस वर्षे कापड दुकानाच्या गादीवर बसलेला माणूस. वैद्यकाशी माझा संबंध केवळ रुग्ण म्हणून. परंतु १९९० च्या दिवाळीत याच पोटाने मला मरणाच्या दारापर्यंत नेऊन आणले. आपल्या आत काय आहे हे ठाऊक नसावे याची तेव्हा लाज वाटली, आणि मी जमेल तसे वाचू लागलो.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी बेंबीभोवती दुखू लागले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ओवा खाल्ला, बेंबीला हिंग लावला. भूक मेली, एकदा उलटी झाली. रात्री दुखणे बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली गेले. आईने मायेने एरंडेल दिले, गरम पाण्याची पिशवी दिली. दुसऱ्या रात्री दुखणे एकाएकी थांबले. मी देवापुढे हात जोडले आणि झोपलो. पहाटे अंगात ताप भरला, पोट फळीसारखे ताठ झाले. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितले, ''तुम्हाला आराम वाटला, त्याच वेळी अपेंडिक्स फुटले होते.''

बेंबीजवळ उठलेली कळ उजवीकडे का सरकली, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. त्याचे उत्तर उदराच्या रचनेत आहे.

मी ते कापडाच्या भाषेत सांगतो. लहान आतडे सुमारे ६ मीटर आणि मोठे दीड मीटर, मिळून साडेसात मीटर. म्हणजे जवळपास एक नऊवारी लुगडे. (हे माप मृत शरीरातले. जिवंतपणी स्नायू आवळलेले असल्याने ते बरेच कमी भरते. कापड आटते, तसेच म्हणा.) एवढी लांबी पोटात गुंता न होता राहते कशी? लहान आतडे एका पातळ दुहेरी पडद्याने पाठीच्या भिंतीला जोडलेले असते. भिंतीशी या पडद्याचे मूळ जेमतेम १५ सेंटीमीटर, एका वितेपेक्षाही कमी. आणि दुसऱ्या काठाला ६ मीटर आतडे! लुगड्याच्या निऱ्या कमरेशी चिमटीत मावतात आणि खाली घेर होऊन पसरतात, तशीच ही योजना. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू या निऱ्यांमधूनच आतड्यापर्यंत पोहोचतात. हा पडदा तुकड्यातुकड्यांचा आहे असे शंभरेक वर्षे शिकविले जात होते. आयर्लंडमधील शल्यविशारद कॅल्विन कॉफी यांनी तो आतड्याच्या आरंभापासून अखेरपर्यंत सलग असल्याचे दाखविले आणि २०१६ मध्ये त्याला स्वतंत्र अवयव मानावे, असे प्रतिपादन केले.

जठरापुढच्या आतड्याच्या पहिल्या भागाला पाश्चात्त्य वैद्यकात पडलेले नावच मुळी 'बारा बोटे' या अर्थाचे आहे. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसने ते बोटांनी मोजले होते. बोटांनी मोजणारा माणूस मला आपल्याच व्यवसायातला वाटतो. येथेच पित्त आणि स्वादुपिंडाचा रस अन्नाला मिळतो. त्यापुढील आतड्याचे अस्तर टर्किश टॉवेलसारखे आहे. एक मिलिमीटरहूनही आखूड अशा असंख्य लोकरींनी ते भरलेले असते आणि अन्नरस त्या शोषून घेतात. हे अस्तर पसरले तर टेनिसचे मैदान व्यापेल, असे पूर्वीच्या पुस्तकांत मीही वाचले होते. २०१४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजले, तेव्हा ते अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाइतके भरले. मापात इतकी तफावत आमच्या धंद्यात कोणी खपवून घेतली नसती!

अष्टमी-चतुर्दशीला उपवास करणारे येथे पुष्कळ आहेत, म्हणून एक सांगतो. रिकाम्या पोटीही आतडे स्वस्थ बसत नाही. साधारण दीड-दोन तासांनी जठरापासून एक लाट निघते आणि उरलेसुरले पुढे ढकलीत जाते. दुकान बंद झाल्यावर नोकर झाडून घेतो ना, तसे. उपवासात पोट गुरगुरते त्यात या झाडूचाही वाटा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आतड्याला कापल्याचे दुखत नाही, भाजल्याचेही नाही. त्याला कळतो तो मुख्यतः ताण. आतड्याच्या ज्या भागाला अपेंडिक्स जोडलेले असते, त्याच्या संवेदना पाठीच्या कण्यात जेथे पोहोचतात, तेथेच बेंबीभोवतालच्या त्वचेच्या संवेदनाही येतात. मेंदूला ओळख त्वचेची, म्हणून तो बेंबीकडे बोट दाखवितो. पुढे सूज वाढून पोटाच्या भिंतीच्या आतील आवरणाला लागते. या आवरणाला जागेचे नेमके भान असते, आणि तेव्हा दुखणे आपल्या खऱ्या ठिकाणी येते. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ते ठिकाण नोंदविले. कमरेच्या उजव्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे रेघ ओढली, तर साधारण एक-तृतीयांश अंतरावर. सर्वांची वेदना अशी पुस्तकाप्रमाणे चालत नाही. अपेंडिक्सचे टोक कोणाचे आतड्यामागे, कोणाचे ओटीपोटात असते. माझी मात्र अक्षरशः तशीच चालली होती आणि मी ओवा चघळीत होतो. एरंडेलाने आतड्याला जोर येऊन अपाय वाढतो, हे आईला बिचारीला कोण सांगणार?

पित्ताशयाची कळ उजव्या खांद्यात उमटते, स्वादुपिंडाची पाठीत. हृदयविकाराची वेदना कधी कधी छातीत न येता पोटाच्या वरच्या भागात येते, आणि माणूस ॲसिडिटीची गोळी घेऊन पडून राहतो. आपल्या बाजारपेठेतील एक ज्येष्ठ व्यापारी असेच गेले. मी त्यांच्या अंत्ययात्रेला होतो.

मी वाचलो तो एका पदरामुळे. जठराच्या खालच्या काठापासून चरबीचा एक पातळ पडदा आतड्यांवर लोंबत असतो. त्याला ओमेंटम म्हणतात, मी पदर म्हणतो. जेथे सूज असेल तेथे तो जाऊन चिकटतो. फुटलेल्या अपेंडिक्सभोवती तो गुंडाळला गेला होता, त्यामुळे पू पोटभर पसरला नाही. तरीही चौदा दिवस रुग्णालयात काढावे लागले. त्या वर्षीची दिवाळीची विक्री धाकट्या भावाने एकट्याने सांभाळली.

२०२२ च्या मे महिन्यात माझा अकरा वर्षांचा नातू जेवणावरून उठला आणि म्हणाला, ''आजोबा, पोट दुखतंय.'' कोठे, असे विचारले तर त्याने बेंबीवर हात ठेवला. सूनबाईंनी ओव्याची बरणी काढली होती, ती मी परत ठेवायला लावली. दोन-तीन तासांनी पुन्हा विचारले. हात उजवीकडे खाली सरकला होता. रात्री साडेदहाला आम्ही निघालो. सोनोग्राफी झाली, पहाटे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. अपेंडिक्स सुजले होते, फुटले नव्हते. तिसऱ्या दिवशी तो घरी आला. त्याच्या पोटावर तीन बारीक खुणा आहेत. माझ्या पोटावरची खूण एका वितेची आहे, आणि आम्ही दोघांनी त्या मीटरपट्टीने मोजल्या आहेत.