पाव, फीत आणि ऑलिंपिक
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत आम्ही संतवाङ्मयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची अपेक्षा होती. आम्ही विषय कळविला तो ‘ऑलिंपिकच्या गमती आणि खेळापुरती पोर्तुगीज’. विषय चुकून दुसऱ्याच कोणाचा तर आला नाही ना, अशी चिटणीसांनी दूरध्वनीवरून मोठ्या अदबीने पृच्छा केली. तेव्हा आधी खुलासा करणे प्राप्त आहे.

कोलकात्यात राहणाऱ्या माणसाची फुटबॉलपासून सुटका नाही. विश्वचषक आला की इथल्या गल्ल्या ब्राझीलच्या पिवळ्या आणि अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या पताकांनी झाकून जातात. २४ सप्टेंबर १९७७ रोजी पेले ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळला. सामना २-२ असा बरोबरीत सुटला, पण त्याच्या गप्पा अजून सुटलेल्या नाहीत. आमचा नातू अर्थातच ब्राझीलच्या पक्षाचा. २०१६ साली तो अकरा वर्षांचा होता. ब्राझीलचे अकराही खेळाडू त्याला मुखोद्गत. आजीच्या माहेरचे गाव मात्र विचारून सांगावे लागे. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाला जाणे त्याने सोडून दिले होते. कारण विचारले तेव्हा म्हणाला, “आजोबा, ते शब्द इथे चालतात कुठे?” प्रश्न उद्धट नव्हता, आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्या वर्षी ऑगस्टात रिओ दि जानेरोला ऑलिंपिक भरले. दक्षिण अमेरिका खंडातले ते पहिलेच. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, म्हणून उद्‌घाटन पाहण्यासाठी ६ तारखेला पहाटे साडेचारला आम्ही तिघे दूरदर्शन संचापुढे बसलो. संचलन सुरू झाले आणि नातू गोंधळला. परंपरेप्रमाणे ग्रीस पहिला, त्यामागून अफगाणिस्तान, हे ठीक. पण पाठोपाठ दक्षिण आफ्रिका, आणि थोड्याच वेळात जर्मनी! उलगडा असा की देश यजमानांच्या भाषेतील अकारविल्ह्याने येतात. पोर्तुगीजमध्ये दक्षिण आफ्रिका म्हणजे ‘आफ्रिका दु सुल’ आणि जर्मनी म्हणजे ‘आलेमान्या’. आपला देश ‘इंदिया’. ध्वज अभिनव बिंद्रा यांच्या हाती होता.

त्या पहाटेपासून नातवाने एक वही केली. खेळाचे जे पोर्तुगीज शब्द कानी पडतील ते तीत उतरवायचे. सोने ‘ओरु’, रुपे ‘प्राता’, कांस्य ‘ब्रोंझी’. चेंडू ‘बॉला’, उडी ‘साल्तु’, कुस्ती ‘लुता’, पंचाची शिट्टी ‘आपीतु’. वल्ह्याला ‘हेमु’ म्हणतात, कारण ब्राझीलमध्ये शब्दारंभीचा र हा ह होतो. खुद्द रिओलाच तिथली माणसे ‘हिउ’ म्हणतात. प्रेक्षकांच्या पाठीराख्या समुदायाला ‘तोर्सीदा’ असे नाव आहे. मूळ धातूचा अर्थ पिळणे. पूर्वी सामना रंगात आला की प्रेक्षागारातल्या स्त्रिया हातरुमाल पिळीत बसत, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. इंग्रजी जाणणाऱ्याने मात्र तिथल्या दारांपाशी जपून राहावे. दारावर ‘पुशी’ असा उच्चार होणारी पाटी दिसली की आपण ढकलतो, आणि तिचा अर्थ आहे ‘ओढा’.

अशाच एका दिवशी धावण्याची शर्यत चालू असता नातवाने वहीत लिहिले : अंतिम रेषेवरची पट्टी, ‘फीता’. आमच्या सौभाग्यवती परातीत कणीक मळीत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “अरे, ती तर आपली फीत!” नातवाने मान वर केली. मग आम्हांलाही सुचत गेले. आजीच्या हातातली परात म्हणजे पोर्तुगीज ‘प्रातु’. किल्लीला आपण म्हणतो ती चावी, दाराची बिजागरी, गवंड्याचे घमेले, लिलाव, कोबी, बटाटा, आणि नोकरदार माणसाचा जीव की प्राण असा पगार, ही सारी मंडळी जहाजातून उतरून आपल्या घरात राहिली आहेत. काजू आणि अननस यांची झाडे व नावे दोन्ही ब्राझीलकडची. पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या किनाऱ्याला आणली आणि कोकणाने आपली म्हटली. पावाचे मूळ रूप ‘पांव’ असे सानुनासिक आहे. इथल्या पाउरुटीतला ‘पाउ’ तोच, आणि शेजारच्या बोउदींची ‘बालती’, ‘चाबी’, ‘आनारस’ हीही त्याच गलबतातली. वहीची पाने त्या दिवशी दोन रकान्यांची झाली, मग तीन रकान्यांची. तिसरा रकाना बंगालीचा.

वहीतला आमचा सर्वांत आवडता शब्द ‘हेपेस्काजें’. कुस्तीत पराभूत मल्लाला पुन्हा संधी मिळते तिचे हे नाव. शब्दशः, निसटलेला मासा पुन्हा धरणे. बंगालात राहून हा शब्द समजला नाही असे कोण म्हणेल? साक्षी मलिक उपांत्यपूर्व फेरीत हरली, पण तिला हरविणारी अंतिम फेरीत गेल्याने साक्षीला हा मार्ग खुला झाला. कांस्यपदकाच्या लढतीत ती ०-५ अशी मागे होती. शेवटच्या क्षणांत ८-५ अशी जिंकली. आपल्याकडे तेव्हा १८ ऑगस्टची, राखीपौर्णिमेची पहाट होती. त्याच ऑलिंपिकात सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांच्यानंतर धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. वृत्तपत्रांनी दहाव्या क्रमांकाला जेवढी जागा द्यायला हवी होती तेवढी दिली नाही, असे आमचे मत आहे.

सातारा म्हटले की खाशाबा जाधव आलेच. गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ च्या जुलैत हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्याच स्पर्धेत, त्याच महिन्यात, आडेमार फेरैरा दा सिल्वा हा ब्राझीलचा खेळाडू तिहेरी उडीत उतरला आणि एकाच दिवशी त्याने चार वेळा विश्वविक्रम मोडला. प्रेक्षकांनी हाका घातल्या, म्हणून त्याने मैदानाला फेरी मारली. विजेत्याच्या अशा फेरीला पोर्तुगीजमध्ये ‘वॉल्ता ऑलिंपिका’ म्हणतात. आपल्या खाशाबांची फेरी निघाली ती कराड स्टेशनापासून, बैलगाड्यांच्या मिरवणुकीने.

आणि एक गोष्ट सांगितल्याविना आम्हांला पुढे जाववत नाही. २००४ साली अथेन्सच्या मॅरेथॉनमध्ये ब्राझीलचा वांदेर्लेइ दि लिमा आघाडीवर होता. तरुणपणी शेतमजुरी केलेला हा माणूस. सहा-सात किलोमीटर उरले असता एका माथेफिरू प्रेक्षकाने मध्ये घुसून त्याला रस्त्याकडेच्या गर्दीत ढकलून दिले. दुसऱ्या एका प्रेक्षकाने त्याला सोडविले. तो पुन्हा धावू लागला. दोघे त्याच्या पुढे गेले. मैदानात मात्र तो हात विमानाच्या पंखांसारखे पसरून, हसत हसत आला. पुढे त्याच्याच देशाच्या एका व्हॉलीबॉलपटूने स्वतःचे सुवर्णपदक त्याला देऊ केले. त्याने ते परत केले. बारा वर्षांनी रिओला ज्योत कोण पेटविणार, अशी सर्वत्र चर्चा होती. प्रकृतीमुळे पेले येऊ शकला नाही. माराकानावर ज्योत पेटविली ती वांदेर्लेइने. आमच्या घरात त्या पहाटे कोणी काही बोलले नाही.

नातू आता बंगळूरला नोकरीला आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या मल्लाला म्हणा, खेळाडूला म्हणा, वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. दुपारी दूरध्वनी वाजला. पलीकडून आवाज : “आजी, ब्रोंझी! आपल्या कोल्हापूरचा आहे!” तिच्या माहेरचे गाव कोल्हापूरजवळच आहे. या वेळी त्याला ते विचारावे लागले नव्हते.

वही आम्ही सोबत आणली आहे; मुलांनी चहाच्या वेळी जरूर पाहावी, चौथ्या रकान्यासाठी जागा आहे. आभार मानताना पोर्तुगीज पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो आणि स्त्री ‘ओब्रिगादा’. आपण हा विषय सहन केलात, त्याबद्दल आमच्यातर्फे ओब्रिगादु. आणि सौभाग्यवती पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्यातर्फे ओब्रिगादा.