भिंतीवरून कागदावर

(बाग सेवनिया, भोपाळ येथील व्याख्यान)



चित्रकलेचे शिक्षण म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम चित्रशाळा उभी राहते. माळव्यापुरते बोलायचे तर ते स्वाभाविकही आहे. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे घडले, विष्णू चिंचाळकर घडले. क्रमवार अभ्यास, गुरूची दुरुस्ती आणि अखेरीस परीक्षा ही ती परंपरा. तिचे ऋण मोठे आहे. परंतु बाग सेवनियातून निघून शहराच्या दुसऱ्या बाजूस शामला टेकडीवर गेले, की शिक्षणाची एक निराळी रीत दृष्टीस पडते.

१३ फेब्रुवारी १९८२ रोजी तेथे भारत भवनाचे उद्घाटन झाले. त्यातील ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयाची धुरा चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे होती. त्यांनी तरुण चित्रकारांच्या तुकड्या मध्य प्रदेशातील खेड्यापाड्यांत पाठविल्या. पाटणगढ गावी भिंतीवरची चित्रे पाहून जनगढसिंह श्याम या परधान गोंड तरुणाचा शोध लागला व तो भोपाळला आला. झाबुआकडील पिटोल गावच्या भूरीबाई तर याच वास्तूच्या बांधकामावर मजुरी करीत होत्या. घरच्या भिंतीवर जे काढता तेच येथे काढा, असे त्यांना सांगण्यात आले. माती आणि पानांचे रंग जाणणाऱ्या त्या हातांत प्रथमच कागद आणि तयार रंग आले. चित्र काढण्याचे पैसेही मिळाले.

येथे रेषा कोणी दुरुस्त केली नाही. साधने दिली, अवकाश दिला, श्रमाचे मोल दिले आणि ती चित्रे नामवंत आधुनिक चित्रकारांच्या कृतींसमवेत एकाच संग्रहालयात मांडली. एवढाच तो अभ्यासक्रम!

त्याचे फळ मात्र विलक्षण आले. १९८९ मध्ये जनगढ यांची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात झळकली. भोपाळमधील त्यांचे घर हीच गावाकडून येणाऱ्या नातलगांची शाळा झाली. पूर्वी रखवालदारी केलेले भज्जू श्याम तेथेच शिकले व २०१८ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले. हाच सन्मान भूरीबाईंना २०२१ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये लाभला.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००१ च्या जुलै महिन्यात, घरापासून दूर जपानमध्ये चित्रे काढीत असताना, जनगढ यांनी आपली जीवनयात्रा संपविली. वय अवघे चाळिशीच्या आत. कलावंताच्या हाती कागद दिला म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. त्याच्या एकटेपणाचीही विचारपूस व्हावी लागते.

ग्रंथप्रेमींसाठी या कथेत एक खास दुवा आहे. दुर्गाबाई आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांनी ‘भीमायन’ हा डॉ. आंबेडकरांचा चित्रमय जीवनपट रेखाटला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. महाडच्या चवदार तळ्याची हकीकत भोपाळच्या गोंड रेषेत उतरली. पात्रांना चौकटीत कोंडायचे नाही, असा त्यांचा आग्रह. म्हणून तेथे आगगाडी सापासारखी वळते, सौम्य माणसांचे बोल पक्ष्यांच्या आकारात उमटतात आणि जातिद्वेषाच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. चित्रशाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या हातांनी, पाण्यापासून आणि विद्येपासून दूर ठेवल्या गेलेल्यांची गाथा ग्रंथरूपाने सिद्ध केली.

शंभर वर्षे पुस्तके जपणे हे पुण्यकर्मच होय. पण भूरीबाई त्या इमारतीत आल्या होत्या त्या विटा वाहण्यासाठी. कोणीतरी विचारले म्हणून त्या चित्रकार ठरल्या. ग्रंथालयाच्या परिसरातही झाडलोट करणारे, ओझी वाहणारे हात असतात आणि त्यांची मुले असतात. वाचनकक्षातील एक मेज, थोडे कोरे कागद आणि रंग यांना खर्च तो कितीसा? दुसऱ्या शतकाचा प्रारंभ तेवढ्या एका प्रश्नाने व्हावा : “घरी भिंतीवर काय काढता?”