धंदा की धंद्याची नशा?

गेल्या काही दिवसांत तुमच्या ज्या व्हॉइस नोट आल्या, त्यातल्या निम्म्या नोटमध्ये एकच प्रश्न आहे. 'दादा, नोकरी सोडून स्टार्टअप करू का?' आज त्याचं हो किंवा नाही असं उत्तर देणार नाही. माझ्यासोबत काय झालं ते सांगतो. हे मी आजवर फक्त घरात आणि चार मित्रांत बोललोय, त्यामुळे कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी बीड जिल्ह्यातला, केज तालुक्यातला. २०१९ ला बी.टेक. झालं, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी लागली. २०२१ मध्ये लॉकडाऊनमुळं घरूनच काम चालू होतं. सीताफळाचा सीझन आला. आपल्या बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ तुम्हाला माहितीये, बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. मी सहज व्हॉट्सॲपला स्टेटस टाकलं, 'गावाकडची सीताफळं, पुण्यात घरपोच.' तासाभरात बावीस ऑर्डर! रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं क्रेट पाठवले, सकाळी मित्रानं वाटले. त्या सीझनला खर्च जाऊन अडतीस हजार राहिले.

अडतीस हजार म्हणजे माझ्या पगारापेक्षा कमीच. पण पगार जमा झाल्यावर अंगावर काटा यायचा नाही, आणि ऑर्डर आली की यायचा. इथूनच सुरुवात झाली बघा.

मग मी इंजिनिअर माणूस, वेबसाइट बनवली. ऑर्डर आली की फोनवर गल्ल्याचा आवाज वाजेल, 'खणणण', असा कोड लिहिला. मजा म्हणून. सहा महिन्यांत अशी अवस्था झाली की आवाज नाही आला तरी दर पाच मिनिटाला मी डॅशबोर्ड उघडायचो. जेवताना, स्टँडअप मीटिंगमध्ये, बाथरूममध्ये. रात्री तीनला जाग आली की पहिला हात फोनवर. सीताफळाचा सीझन संपून दोन महिने झालेले, विकायला काही नाही, तरी उघडायचो.

याच्यामागचं साधं विज्ञान सांगतो. स्किनर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग केले. दर वेळी दाबल्यावर दाणा मिळाला, तर दाणा बंद झाल्यावर प्राणी लवकर सोडून देतो. पण दाणा कधी तिसऱ्या वेळी, कधी तिसाव्या वेळी, असा अंदाज न लागेल असा मिळाला, तर तो दाबतच राहतो, आणि दाणा बंद केला तरी लवकर थांबत नाही. जुगाराचं मशीन याच तत्त्वावर चालतं. आता सांगा, धंदा कसा चालतो? ग्राहक कधी येईल, इन्व्हेस्टरचा फोन कधी येईल, काहीच सांगता येत नाही. नोकरीचा पगार एक तारखेचा दाणा आहे, आणि धंदा म्हणजे तिसाव्या वेळचा. धंदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच्यात गुंतवून ठेवायची ताकद जुगारासारखीच आहे, हे आधी माहीत असलेलं बरं.

पुढं काय झालं? २०२२ चा सीझन आपटला. मी हाव केली, तिप्पट माल उचलला. सीताफळाचे डोळे उघडले की तोडायचं, आणि तोडल्यावर दोन-चार दिवसांत ते पिकतं. ते काय स्टार्टअपसाठी थांबत नाही. ऐन वेळी गाडी एक दिवस लेट झाली आणि निम्मा माल काळा पडला. इथं एखादा शहाणा माणूस म्हणाला असता की पुढच्या वर्षी कमी माल घेऊ. मी काय केलं? नवीन आयडिया!

ऊसतोडीच्या मुकादमांसाठी ॲप. आपल्याकडं हा विषय घराघरातला. कारखान्याकडून उचल घ्यायची, ती कोयत्यांना वाटायची. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मग खाडे, भरलेल्या टनांचा हिशोब, फिटलेली उचल, सगळं वहीत. म्हणलं हे सगळं मोबाईलवर आणू. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, स्वतः वीस वर्षं मुकादम. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, 'आरं, मुकादम त्याची वही कुणाला दाखवत नसतोय. तुहं ॲप कोण घेणार?' मी ऐकलं नाही. २०२३ मध्ये नोकरी सोडली. आठ महिने कोड लिहिला. किती जणांनी डाऊनलोड केलं? चौदा. त्यातले सहा आमचे पाहुणे.

तरी थांबलो नाही. २०२४ ला एआय आलं, म्हणलं आता एआय. पैसे संपले होते. साडेचार लाखांचं पर्सनल लोन. झटपट लोनवाल्या ॲपचे दोन लाख. मित्रांकडून एक लाख सत्तर हजार. आणि आईच्या पाटल्या, दोन लाख ऐंशी हजाराला गहाण. एकूण अकरा लाख. आईला म्हणलो, 'दोन महिन्यांत सोडवतो.' आप्पांना, म्हणजे वडिलांना, यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या मते पोरगं पुण्यात कंपनीचा मालक.

आणि गंमत बघा, गावात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. गणपतीत भाषण दिलं, 'रिस्क घ्या' म्हणून. पिणाऱ्याला गावात कुणी शाल देत नाही. माझ्या नशेला शाल मिळाली.

२०२४ च्या दिवाळीला गावी गेलो. ओसरीवर बसलेलो, फोन सारखा वाजत होता. वसुलीवाले. मी फोन उलटा करून मांडीखाली ठेवला. तात्या समोर बसले होते. हळूच म्हणाले, 'फोन उलटा कामून ठेवतो रे?'

म्हणलं, 'काय नाही तात्या, ऑफिसचे मेसेज.'

तात्या म्हणाले, 'म्या बी बाटली अशीच ठेवायचो. लेबल आतल्या अंगाला. तुह्या आजीला म्हणायचो औषध हाय.'

मला काही बोलता येईना.

तात्यांचं सांगतो. मुकादमकी म्हणजे धंदाच. दुसऱ्याचे पैसे उचलायचे, माणसं जमवायची, अन् टोळीतली चार कोयते पळून गेली की ती उचल आपल्या डोक्यावर. त्या ताणात तात्या प्यायला लागले. चांगला सीझन झाला की आनंदात, वाईट झाला की दुःखात. नंतर त्यांना पुण्याला मुक्तांगणमध्ये नेलं, पस्तीस दिवस ठेवलं. मुक्तांगण तुम्हाला ऐकून माहीत असेल. डॉ. अनिता... सॉरी, डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं १९८६ मध्ये सुरू केलेलं केंद्र. तिथं पेशंटसोबत घरच्यांशीही बोलतात, कारण व्यसन एकट्याचं असलं तरी कर्ज सगळ्या घराचं असतं. तात्या तिथून आले त्याला आता बारा वर्षं झाली.

त्या रात्री तात्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या. 'लपवतो का? थांबवायचं ठरवून थांबलास का कधी? नुकसान झाल्यावर कमी केलंस का वाढवलंस?' तिन्हीला माझं उत्तर चुकीचं होतं.

परत पुण्यात आल्यावर मी यावर वाचायला लागलो. आधी एक स्पष्ट करतो, 'उद्योजकतेचं व्यसन' असा कुठला अधिकृत आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत जुगाराचं आणि गेमिंगचं व्यसन आहे, धंद्याचं नाही. पण संशोधकांना हा प्रश्न पडलाय. २०१४ मध्ये स्पिव्हॅक, मॅककेल्वी आणि हेनी या तिघांनी पुन्हा पुन्हा धंदे काढणाऱ्या दोन उद्योजकांच्या मुलाखतींवरून एक पेपर लिहिला. डोक्यात सतत तोच विचार, अपराधीपणा, धंदा नसला की बेचैनी, स्वतःची किंमत फक्त धंद्यावरून ठरवणं. दोन माणसांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष निघत नाही, त्यांचा पेपरही प्रश्न म्हणूनच मांडलाय. पण वाचताना वाटलं, तिसरा मीच.

अजून एक गोष्ट वाचली ती भारी आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, जगभर दारू सोडणाऱ्यांच्या ज्या बैठका चालतात, त्याची सुरुवात एका धंद्याच्या अपयशातून झालीये. बिल विल्सन नावाचा माणूस न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात होता. मोठी स्वप्नं, मोठी दारू. १९३४ च्या डिसेंबरात त्यानं पिणं सोडलं. पाच महिन्यांनी, मे १९३५ मध्ये तो अक्रन नावाच्या गावी एका कंपनीचा ताबा मिळवायच्या खटपटीत गेला. डाव फसला. खिशात पैसे नाहीत, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा. एका बाजूला बार, आतून हसण्याचा आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडं गेला. एकेका चर्चला फोन करत म्हणाला, मला कुणीतरी दारुड्या माणसाशी बोलायचंय. त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली. डॉक्टरही पिणारे. त्या दोघांच्या बोलण्यातून एए उभं राहिलं.

आणि पुढचं ऐका. धंद्याचा किडा गेला नव्हता! विल्सनच्या डोक्यात लगेच हॉस्पिटलांची साखळी, पगारी कार्यकर्ते, मोठा फंड. रॉकफेलर यांच्याकडं पैसे मागितले. त्यांनी थोडी मदत केली, पण म्हणाले की जास्त पैशानं हे काम बिघडेल. एए आजही बाहेरून देणगी घेत नाही. म्हणजे काही वेळा 'नाही' म्हणणारा माणूस फंडिंग देणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. माझ्या बाबतीत तो माणूस तात्या होते, आणि मी दोन वर्षं त्यांचं ऐकलं नाही.

एक शेवटचा आकडा, कारण तुमच्यातले बरेच जण ट्रेडिंगला 'माझा धंदा' म्हणता. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. पण मला हललो ते पुढच्या ओळीनं. सलग तोटा होऊनही त्यातल्या ७५ टक्क्यांहून जास्त लोकांनी ट्रेडिंग चालूच ठेवलं. धंद्यात तोटा झाला की माणूस हिशोब तपासतो. नशेत तोटा झाला की माणूस रक्कम वाढवतो. मला तरी फरक एवढाच दिसतो.

मग मेहनत करणारे सगळे व्यसनी का? अजिबात नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या दादासाहेब भगत यांनी गावच्या गोठ्यातून डिझाइनचं काम चालवलं, पुढं शार्क टँकपर्यंत गेले. चौदा तास काम करणं म्हणजे नशा नाही. आमची आई पहाटे चारला उठते, तिला कुणी व्यसनी म्हणेल का? प्रश्न तासांचा नाही. थांबता येतं का, हा आहे. आणि उघड्यावर करता येतं का, हा आहे.

मी काय केलं ते सांगून थांबतो. पाडव्याच्या दिवशी आप्पांना सगळा आकडा सांगितला. ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, 'आईच्या पाटल्या आधी.' तेवढंच. मी परत नोकरी धरली. लोन ॲपचं आधी फेडलं. पाटल्या पुढच्या वर्षी सुटल्या. अजून तीन लाख बाकी आहेत. गल्ल्याचा तो आवाज कोडमधून काढला, तरी सहा-सात महिने कानात वाजायचा, खोटं नाही सांगत.

सीताफळ मात्र सोडलं नाही. दर सीझनला करतो. पण हिशोबाची वही आप्पांकडं. सीझनच्या आधी पहिल्या पानावर लिहायचं, किती पैसे घालणार, आणि किती तोटा झाला की थांबायचं. खाली माझी सही, आप्पांची सही. मागच्या सीझनला सत्तावीस हजार राहिले. कुणी सत्कार केला नाही. झोप मात्र लागली.

तर ज्यांनी विचारलं स्टार्टअप करू का, त्यांना सांगतो, करा. पण सुरू करायच्या आधी थांबायचा आकडा लिहा, आणि ती वही अशा माणसाकडं द्या जो तुम्हाला शाल देणार नाही. आणि फोन उलटा ठेवायची वेळ आली, तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. घरात जमत नसेल तर टेलिमानसचा नंबर १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, दोन्ही फुकट आहेत. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, तिथं जायला लाजू नका.

एवढंच होतं. हा भाग तुमच्या त्या मित्राला पाठवा, जो हल्ली फोन उचलत नाही. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या. राम राम!